नाशिकच्या उंटवाडीच्या निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथे) रुजू होतोयस तर हे आधी वाच

अरे, अधीक्षक म्हणजेच सगळं असं समजू नकोस. वरती जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, त्यावर पुण्याचं आयुक्तालय, आणि मुलाला ठेवायचं की सोडायचं ते बाल न्याय मंडळ ठरवतं, तिथे एक मॅजिस्ट्रेट अन् दोन समाजसेवी सदस्य, त्यातली एक तरी बाई पाहिजेच. बालकल्याण समिती वेगळी हां, काळजी-संरक्षणाची गरज असलेली मुलं तिच्याकडे, नवीन लोक इथेच गोंधळतात.

परिविक्षा अधिकाऱ्याचा (म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा) मुलाच्या घरच्या परिस्थितीवरचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत लागतो. आईला विचारलं "पोरगा शाळा कधीपासून सोडून बसलाय" की अर्धी केस तिथेच कळते, म्हणून घरी जाऊनच लिही, फोनवर उरकू नकोस. रात्रपाळीच्या काळजीवाहकाशी दोस्ती ठेव, खरी बातमी त्यालाच असते. आणि मुलांचे फोटो स्टेटसला अजिबात नको, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, मुलाची ओळख उघड करायला बंदी.