बचत गटातल्या महिलांना सोलर बसवायचं काम शिकवायचं आहे, तयारी काय करावी?

तालुक्याच्या गावी बचत गटातल्या वीसेक मुली-बायकांना छतावरचं सोलर बसवायला शिकवायचं आहे, बहुतेक जणी दहावी-बारावी झालेल्या आहेत, तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

हॉल आणि प्रोजेक्टर नंतर बघा. आधी ३ किलोवॅटचा एक पूर्ण संच मिळवा, जो उभा करायचा, सोडवायचा आणि पुन्हा उभा करायचा. प्रत्येकीच्या हातून पूर्ण जोडणी निदान तीनदा व्हायला हवी. बहुतेक प्रशिक्षणं इथेच फसतात: चौघं काम करतात, बाकीचे बघतात, आणि बघणाऱ्यांत मुलीच जास्त असतात. ‘इरेना’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या अहवालात अक्षय ऊर्जेत बायकांचं प्रमाण ३२ टक्के होतं, पण कार्यालयीन कामांत ४५ आणि तांत्रिक कामांत २८. ही दरी प्रशिक्षणातूनच सुरू होते, असं मला वाटतं.

केंद्र सरकारचा ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम २०१५ पासून आहे, मूळ आराखडा ६०० तासांचा. पण तो मुख्यतः आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांसाठी आखलेला आहे. तुमच्या गटाला त्याआधी दोन आठवडे निव्वळ पायाभूत वीज द्या: व्होल्टेज, करंट, सिरीज-पॅरलल, मल्टीमीटर. इथे घाई केली तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

संचात ५४० वॅटची ६ पॅनेल, ती बसवायचं स्ट्रक्चर, पॅनेलच्या डीसी विजेची घरातली एसी वीज करणारा इन्व्हर्टर, डीसीडीबी आणि एसीडीबी (डीसी आणि एसी बाजूच्या जोडणी-सुरक्षेच्या पेट्या), ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल, लाइटनिंग अरेस्टर (वीज पडण्यापासून वाचवणारा) आणि तीन अर्थिंग हवीत: एक डीसी बाजूचं, एक एसीचं, एक अरेस्टरचं. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत आहे का, ते अर्थ टेस्टरने प्रत्येकीने स्वतः मोजावं.

सगळ्यात जास्त वेळ एमसी४ कनेक्टरला, म्हणजे पॅनेलच्या केबली एकमेकींना जोडणाऱ्या प्लगला द्या. केबलवर आधी मागचा नट ओवायचा (हा विसरला की सगळं पुन्हा), मग ७-८ मिलिमीटर इन्सुलेशन सोलायचं, एकही तार न तुटता. तारा पिनमध्ये घालून ४ चौरस मिलिमीटरच्या खाचेतच क्रिम्पिंग टूलने (पिन तारांवर दाबून बसवणाऱ्या पकडीने) दाबायचं, ओढून बघायचं, मग ‘टक्’ आवाज येईपर्यंत पिन कनेक्टरच्या प्लास्टिकच्या घरात ढकलायची आणि शेवटी नट पान्याने आवळायचा. साध्या पकडीने दाबलेली पिन त्या दिवशी चालते. पुढे त्या ढिल्या जागी रोध वाढतो, जोड तापतो, प्लास्टिक वितळतं आणि आग लागते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडू नयेत, कारण तिथेही हेच होतं. प्रत्येकीकडून निदान वीस क्रिम्प करून घ्या. पिना वाया जातील, जाऊ द्या.

६ पॅनेल सिरीजमध्ये, प्रत्येकाचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं) साधारण ४९.५, म्हणजे जवळपास ३०० व्होल्ट डीसी. थंडीत पहाटे ते आणखी चढतं, तापमान उतरेल तसं दर अंशाला सुमारे पाव टक्का. एसीत ठिणगी विझायला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. डीसीत तसं होत नाही, आर्क, म्हणजे ती ठिणगी, पेटलेलाच राहतो. म्हणून चालू लोडवर कनेक्टर कधीच ओढायचा नाही: आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच), मग कनेक्टर. मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत राहिली आणि व्होल्टेज मोजायला गेलं तर थेट शॉर्ट होतो. मोजण्याआधी खाच मोठ्याने सांगायची सवय लावा.

‘वजन उचलणं बायकांना झेपणार नाही’ हे तुम्हाला ऐकावं लागेलच. ५४० वॅटचं पॅनेल साधारण २८ किलोचं असतं. ते कुणीही एकट्याने उचलायचं नसतंच, दोघांनीच धरायचं. खरी अडचण वेगळी आहे: हार्नेस (छतावरून पडण्यापासून वाचवणारे सुरक्षा पट्टे) आणि हातमोजे पुरुषांच्या मापाचे येतात. ढिला हार्नेस पडताना अंगातून सरकतो, म्हणून लहान मापाचे मागवा आणि खरेदीआधी घालून बघा. सलवार-कुर्ता किंवा पँट, ओढणी नाही, केस बांधलेले. काचेच्या-धातूच्या बांगड्या आणि गळ्यातलं काढून ठेवायचं. हे घरच्यांशी आधीच बोला, कामाच्या दिवशी वाद नको. छतावरचा सराव सकाळी लवकर, वर्ग दुपारी. लहान मुलं असणाऱ्यांसाठी सांभाळणारी एक बाई पगारावर ठेवा. नाहीतर गळती तिथूनच होते.

कामाचं सांगायचं तर, २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे आणि विक्रेत्यावर ५ वर्षं देखभालीची जबाबदारी असते. त्यामुळे तालुक्यातल्या विक्रेत्यांना जवळ राहणारे देखभालीचे हात हवेच आहेत. तुकडी सुरू व्हायच्या आधीच दोन-तीन विक्रेत्यांशी लेखी बोलणी करा, आणि त्यात पॅनेल धुण्यापुरतं काम नको, जोडणी आणि तपासणीचंही हवं, हे स्पष्ट लिहा. ज्यांना पुढे जायचंय त्यांना आयटीआयच्या वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडला घाला, वायरमन परवान्याची वाट तिथूनच जाते. सुरुवातीला दोघींच्या जोडीनेच साइटवर पाठवा, आणि मजुरी जोडीची म्हणून एकत्र न ठरवता दोघींच्या नावाने वेगवेगळी लिहून घ्या.