दिवाळीत शेंगदाणा बटर-चॉकलेटचे लाडू सोलापुरात फ्रिजबाहेर टिकतील का?

टिकतील, पण वरून बुडवायला डार्क कंपाउंडच घ्या, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी घातलेलं चॉकलेट. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि ऑक्टोबरच्या दुपारी आपल्याकडे गॅस पेटवला की स्वयंपाकघर तिथवर जातंच. कंपाउंडमधली चरबी जरा जास्त तग धरते. दरवर्षी फराळात मी हेच करते. दाणे शेंगा चटणीला भाजतो तसे मंद आचेवर खरपूस भाजा, सालं पाखडून कोमट असतानाच मिक्सरला फिरवा. आधी कूट होतं, मग गोळा, मग तेल सुटून चकाकी येते. त्यात पिठीसाखर घालून लाडू वळा आणि वितळवलेल्या कंपाउंडमध्ये बुडवा. कशातही पाण्याचा, दुधाचा थेंबही नको, नाहीतर चॉकलेट लगेच घट्ट, रवाळ होतं. चवीला मात्र खरं चॉकलेटच सरस. तेच हवं असेल तर लाडू फ्रिजमध्येच ठेवा.