‘सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेत डोकावणारी प्रसिद्ध चित्रं ओळखायची आहेत? इथून सुरुवात करा

पहिली चूक म्हणजे कुठल्या भागात कोणतं चित्र, अशा याद्या पाठ करणं. त्यापेक्षा १९९९चा ‘मॉम अँड पॉप आर्ट’ हा एकच भाग घ्या. मालिकेतला बाप होमर कलासंग्रहालयात झोपतो, त्या स्वप्नावर पॉज करत जा. चित्रकार रूसोचा सिंह, दालीची वितळती घड्याळं, सूपचे डबे फेकून मारणारा वॉरहॉल (सूपच्या डब्यांची चित्रं काढणारा चित्रकार), सगळे रांगेत येतात. (स्वप्नाबाहेर, याच भागात वस्तू चोरणारा चित्रकार जॅस्पर जॉन्स दिसेल, आवाज खरंच त्याचाच.)

दोनच सवयी लावा:
- मूळ चित्र शेजारी उघडून काय बदललंय ते बघा. गंमत बदलातच असते.
- गालांवर हात दिसले की लगेच ‘मुंक!’ (‘द स्क्रीम’ या चित्राचा चित्रकार) ओरडू नका. मागे लालभडक आकाश आणि तिरका कठडा आहे का?

भागाच्या शेवटी इंग्रज चित्रकार टर्नरच्या चित्रांतलं व्हेनिस येतं, पण त्याची घाई आत्ता नको.