पूर्णवेळ कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला वर्षानुवर्षं नवं कसं सुचत राहतं?

तुम्ही लिहिलंय की दोन कादंबऱ्या आल्या, तिसरी अर्ध्यावर आहे, नोकरी सोडली आहे आणि आता जे काही लिहाल ते आधीच लिहून झाल्यासारखं वाटतं. पोटासाठी लिहिणारे लोक हे कसं निभावतात, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं कथा-कादंबऱ्या लिहिते, आणि त्यावर भागत नाही तेव्हा मालिकांचे संवाद लिहिते. त्यामुळे हे उत्तर धंद्यातल्या बाईचं आहे, समीक्षकाचं नाही.

आधी एक फोड करू. काहीच सुचत नाही ही एक तक्रार, आणि सुचतं ते सगळं ओळखीचं असतं ही दुसरी. पहिलीत बहुतेकदा लेखनाचा संबंध नसतो. झोप, तब्येत, घरातलं आजारपण, अडकलेलं मानधन, हे आधी बघा. तुमची तक्रार दुसरी आहे आणि ती नवख्या लेखकांना होत नाही. हात तयार झाला की तो तुम्हाला न विचारता लिहू लागतो, तेव्हा ती सुरू होते.

म्हणजे काय, ते दाखवते. समजा नवरा-बायको बोलतायत. तिने नुकतंच सांगितलंय, "माहेरचं घर मी विकलं." त्याला उत्तर सुचत नाही, आणि खरं सांगायचं तर लेखकालाही सुचत नाही. मग तो उठून खिडकीपाशी जातो. बाहेर पाऊस पडत असतो, नाहीतर नुकताच थांबलेला असतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात अडलेला जो तो खिडकीपाशी जातो. म्हणून खर्डा हातावेगळा झाला की मी फाइलमध्ये 'खिडकी' शोधते. मग 'उसासा', 'नकळत', 'क्षणभर', 'कुठेतरी'. तुमचे शब्द वेगळे असतील, पण असतील नक्की.

ते नुसते काढून टाकून काही साधत नाही. प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचं की इथे मला काय माहीत नव्हतं. वरच्या प्रसंगात घराचे पैसे गेले कुठे हेच मी ठरवलं नव्हतं. ते ठरल्यावर नवऱ्याला खिडकीची गरज उरली नाही. त्याने विचारलं, "सह्या कधी केल्यास?" ती म्हणाली, "मागच्या वेळी आपण गेलो होतो ना, तेव्हाच. तू बाहेर गाडीत फोनवर बोलत होतास." या उत्तरात काही थोर नाही. पण ते आलं तेव्हा मला ते नवीन होतं, आणि पुढचं प्रकरण त्याच्यावर हललं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कौशल्य वाढतं तसा हा धोकाही वाढतो. आणि नाव झालं की लोकांनाही तेच हवं असतं. आर्थर कॉनन डॉयल शेरलॉक होम्सला इतका कंटाळला की १८९३ साली त्याने त्याला धबधब्यावर मारून टाकलं. त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. वाचक आणि पैसा, दोघांपुढे त्याला मान तुकवावी लागली, आणि १९०३ मध्ये होम्स पुन्हा जिवंत झाला. अगाथा ख्रिस्तीही आपल्या पॉयरो या गुप्तहेराला वैतागली होती, पण तिने वैतागाचंच पात्र केलं. तिच्या कादंबऱ्यांत अ‍ॅरिअ‍ॅडनी ऑलिव्हर नावाची एक रहस्यकथालेखिका येते. तिने स्वतः निर्माण केलेला फिनलंडचा गुप्तहेर तिला नकोसा झालेला असतो. मला हा उपाय डॉयलच्या उपायापेक्षा शहाणपणाचा वाटतो, आणि त्यात विनोदही आहे.

फ्रेंच कादंबरीकार रोमाँ गारीची गोष्ट तर लेखक मंडळींनी पाठ करावी अशी. फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार एका लेखकाला एकदाच मिळतो. गारीला तो १९५६ साली मिळाला. पुढे काही समीक्षक त्याला संपलेला लेखक समजू लागले. त्याने एमिल आजार या नावाने, वेगळ्याच बोलीत लिहायला घेतलं, आणि १९७५ साली आजारला गोंकूर मिळाला. आजार म्हणून लोकांसमोर जायला त्याने आपल्या नात्यातला एक माणूस उभा केला होता. खरी गोष्ट जगाला कळली ती १९८० मध्ये तो गेल्यानंतर. आयरिश लेखक सॅम्युएल बेकेटने तर इंग्रजी मातृभाषा असून फ्रेंच धरली, कारण तिथे शैलीशिवाय लिहिणं त्याला सोपं जायचं. या सगळ्यांना एकच हवं होतं, सरावलेल्या हाताला न सरावलेलं काम.

आपल्याला टोपणनाव घ्यायची किंवा भाषा बदलायची गरज नाही. मी एवढंच करते की प्रत्येक पुस्तकात मला न जमणारी एक गोष्ट मुद्दाम घेते. मला फ्लॅशबॅकची वाईट सवय आहे. माणूस जरा गप्प बसला की मी त्याला लहानपणी पाठवते. म्हणून एक आख्खी कादंबरी मागे न जाता लिहिली. एकदा मला मनापासून न आवडणाऱ्या माणसाच्या तोंडून गोष्ट सांगितली, आणि निम्म्या वाटेवर तोच मला पटायला लागला. हे ठरवून झालं नसतं. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये फ्रेंचमधलं सगळ्यात जास्त येणारं 'e' हे अक्षर एकदाही न वापरता कादंबरी छापली. ते टोकाचं झालं, मला ते झेपणार नाही. पण अट जाचक असली की हात जुन्या वाटेने जाऊ शकत नाही, हे त्याने दाखवलं.

रोजच्या शिस्तीबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करत होता. पहाटे उठायचा, घड्याळ समोर ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं. १८८३ मध्ये, तो गेल्यावर, ते छापून आलं आणि रसिकांनी नाकं मुरडली. मला त्यात नाक मुरडण्यासारखं काही दिसत नाही. मात्र शब्दांच्या कोट्याने पानं भरतात, ती ताजी आहेत का हे कोटा सांगत नाही. हेमिंग्वेचा सल्ला, पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचं थांबावं, हा खरंच उपयोगी आहे. दुसऱ्या दिवशी बसायला जड जात नाही.

बाहेरून आत काय येतं, हे मात्र मी फार महत्त्वाचं मानते. पूर्णवेळ लेखक झालं की दिवसभर आपण, आपली खुर्ची आणि इतरांच्या कादंबऱ्या. नोकरी गेली की नोकरीतली माणसंही जातात, याचा हिशोब कुणी करत नाही. मग आपण कादंबऱ्या वाचून कादंबऱ्या लिहितो. मी लोकांना त्यांच्या कामाबद्दल विचारते, आयुष्याबद्दल नाही. आयुष्याबद्दल विचारलं की लोक भाषण करतात. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या एका माणसाला बघत उभी होते. त्याने पेटी उघडायच्या आधी लिफ्ट रिकामीच वर-खाली पाठवली आणि दाराला कान लावून उभा राहिला. मी काही विचारायला तोंड उघडलं तर हातानेच गप्प केलं. हे वहीत गेलं. वहीत मी 'कल्पना' लिहीत नाही. कल्पना पैशाला पासरी मिळतात आणि महिन्याभरात शिळ्या होतात. लिफ्टवाल्याचा तो हात अजून वापरायचाय.

मालिकेच्या कामाबद्दलही सांगते, कारण पैशासाठी तुम्ही कधीतरी त्या वाटेला जाल. तिथे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. एपिसोडची बँक, म्हणजे आधी तयार करून ठेवलेल्या एपिसोडचा साठा, संपत आली की रात्री फोन येतो. वेग येतो, संवादातलं पाणी निघून जातं, हे फायदेच. पण जाहिरातीआधी सीनला झटका द्यायची सवय लागते आणि ती कादंबरीत शिरते, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार धाडकन उघडतं. म्हणून मी एपिसोड लिहिले त्या दिवशी कादंबरीला हात लावत नाही. कादंबरी सकाळी आणि हाताने, संवाद कॉम्प्युटरवर. माझ्यापुरतं हे चालतं. याशिवाय वर्षातून एखादी तरी गोष्ट मी कुणी न मागता, कुणाला न सांगता लिहिते. तिचं काही होत नाही बऱ्याचदा.

आता तुमची तिसरी कादंबरी. ती टाकून देऊ नका आणि रेटूही नका. छापील प्रत काढून पहिल्यापासून वाचा. लिहिताना पुढचं तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं, अशी शेवटची जागा कुठली? तिथे पेन्सिलने रेघ मारा. त्यापुढची पानं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि त्या रेघेपाशी जे पात्र सगळ्यात कमी बोललंय त्याला काय हवंय ते ठरवून तिथून पुन्हा सुरू करा. प्रकाशकाकडून आगाऊ रक्कम घेतली असेल तर करारातली हस्तलिखित देण्याची तारीख आजच बघा. आधी कळवलं तर संपादक सहसा मुदत वाढवून देतात. तारीख उलटल्यावर कळवलं तर मुखपृष्ठ आणि छपाईचं वेळापत्रक लागून गेलेलं असतं, मग त्यांच्याही हातात फारसं काही राहत नाही.