अस्तर बघा आधी

मार्च लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच होतो. लग्न मे महिन्यातलं, मुहूर्त भर दुपारचा, कार्यालयातला कूलर फक्त आवाज करणारा आणि अंगावर भरजरी काहीतरी. अकोल्यात मशीनवर बसून उभं आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेलं, त्यामुळे हे गाऱ्हाणं मला नवीन नाही. यावेळी सगळी जागा याच पत्रांना.

*काकू, मे महिन्यात माझं लग्न आहे, अमरावतीला. मुहूर्त साडेबाराचा. आईची पैठणी नेसायची खूप इच्छा आहे, पण घरात सगळे म्हणतात, रेशीम नको, चक्कर येऊन पडशील. शिवणारी ताई म्हणते, पॅडचा ब्लाउज शिवू आणि आतून साडीचं शेपवेअर घाल, म्हणजे साडी चापूनचोपून बसेल. काय करू?*
— होणारी नवरी, अमरावती

पैठणीच नेस. तुझ्या पत्रात उकडणाऱ्या दोन वस्तू आहेत आणि दोन्ही पैठणीच्या आतल्या आहेत: पॅडचा ब्लाउज आणि शेपवेअर.

अस्सल रेशीम घाम टिपतं. कापडाच्या शास्त्रात धाग्यात मुरणाऱ्या ओलाव्याचा हिशेब असतो. नेहमीच्या हवेत रेशमात तो ११ टक्क्यांच्या आसपास, सुतात साडेआठ आणि पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. शेपवेअर म्हणजे नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि लायक्रा, तेही कमरेपासून घोट्यापर्यंत आवळून. त्यात घाम ना मुरतो ना वारा लागतो. ते दुकानातच राहू दे. सुती पॉपलीनचा सहा कळ्यांचा परकर शिवून घे. नाडी बारीक गोल नको, दोन बोटं रुंद पट्टा लावायला सांग, आणि गाठ मारताना श्वास रोखून धरू नकोस. घट्ट नाडीची खूण आपण सगळ्याच कमरेवर मिरवतो, पण ती दिसते तेवढी साधी नाही. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. वर्षानुवर्षं कमरेला आवळलेल्या गाठीखाली कातडी सोलवटत राहिली आणि त्या न भरणाऱ्या जखमेचा पुढे कर्करोग झाला. लग्नाच्या एका दिवसाने तसलं काही होत नसतं, पण सवय बदलायला मुहूर्त बरा आहे.

आता ब्लाउज. पहिला प्रश्न अस्तराचा. काही सांगितलं नाहीस तर बहुतेक ठिकाणी क्रेप किंवा शांटून लावतात, कारण ते स्वस्त असतं, सुळसुळीत असतं आणि कापताना त्रास देत नाही. तू पातळ सुती अस्तर स्वतः घेऊन जा. ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायला दे, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटेल आणि वरचं रेशीम फुग्यासारखं उठेल. पॅड म्हणजे फोमच. तो घाम पितो आणि सोडत नाही. आत मापाची सुती ब्रा असेल तर त्याची गरज पडत नाही. मुंढ्यापाशी आतून घामाचे पॅड टाके घालून लाव. ते काढून धुता येतात आणि बाहीवर अर्धवर्तुळं उमटत नाहीत. बाही कोपरापर्यंत ठेवलीस तरी चालेल, फक्त दंडाला सैल हवी. मागचा गळा मोठा घे. वारा लागायला ब्लाउजात तेवढीच एक जागा असते. आणि दोन्ही बाजूंना इंचभर माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, ठेवायला सांग. नवऱ्या लग्नाआधी बारीक होतात म्हणून ऐन वेळी ब्लाउज आवळतात आणि पहिल्या केळवणानंतर तोच ब्लाउज छातीवर बसतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कात्री लावण्याआधीच सांगून टाकते.

विधींना मामाकडची पिवळी साडी असेल तर ती सुती सांगून घे. कोणत्या विधीला कुठली साडी, हे घराघरांत वेगळं असतं, ते मोठ्यांना विचार. पण होमासमोर ती आणि मंगलाष्टकांना पैठणी, असं जमलं तर उत्तम. पैठणीचा पदर विणकामानेच जड असतो. त्याच्या बारीक निऱ्या करून खांद्यावर टाचल्यास की तेवढ्या भागावर पाच-सहा थर बसतात. पदर मोकळा सोड. मोरही दिसतील.

एक मात्र तपास. आईची पैठणी जुनी असेल तर ती रेशमाची असणार, पण नवी ‘सेमी’, म्हणजे नकली रेशमाची, कोणी गळ्यात मारली तर पदराच्या टोकाचा एक धागा काढून जाळून बघ. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते. दुकानातून रेशीम घ्यायचं तर सिल्क मार्कचं लेबल बघ, केंद्रीय रेशीम मंडळाने ते २००४ पासून चालू केलंय.

*ताई, मुलाचं लग्न अक्षय्य तृतीयेला आहे. तो तयार शेरवानी म्हणतो, मी धोतर-सदरा म्हणतो. त्याची आई म्हणते, दोघे मिळून काय ते ठरवा. फेटाही तयारच आणायचा म्हणतो. तुमचं मत कळवा.*
— वरपिता, वाशीम

वहिनींचं बरोबर आहे, पण तुम्ही मला विचारलंत, तर मी धोतराच्या बाजूने. धोतर खालून मोकळं असतं, पायांना वारा लागतो. फक्त ते सुती किंवा खऱ्या रेशमाचं असावं. बाजारात सोवळं म्हणून जे चकचकीत मिळतं ते बहुतेक आर्ट सिल्क असतं, म्हणजे बरेचदा पॉलिएस्टरच. मुलगा होमाजवळ तासभर बसणार आहे. लाह्या टाकताना ठिणगी उडाली तर सुताला भोक पडतं. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, म्हणून विस्तवासमोर ते नकोच.

शेरवानीवर तो अडूनच बसला तर भांडू नका, शेरवानी उलटी करून बघा. वरचं ब्रोकेड, मधलं बुकरम म्हणजे ताठ ठेवणारं कडक कापड, आतलं चकचकीत अस्तर, छातीवरची कॅनव्हास. थंडीतल्या लग्नाला ठीक आहे. शिंप्याकडून शिवून घेतलीत तर अस्तर फक्त पाठीच्या वरच्या भागाला आणि खांद्याला लावायला सांगा, तेही सुती. बाह्यांना अस्तर नको. कापड चंदेरीसारखं रेशीम-सुती घ्या, कळ्या थोड्या रुंद सोडा. आत पातळ सुती बनियन असू द्या. मुलं उकडतं म्हणून ते काढून टाकतात आणि मग घाम सरळ शेरवानीवर उतरतो. चुडीदारपेक्षा सरळ पायजमा बरा. चुण्या आल्या तर येऊ द्यात, फोटोवाला तोंडाचे फोटो काढतो.

तयार फेटा मला पसंत नाही. आतल्या कडक टोपीत डोकं शिजतं आणि कपाळाला लाल रेघ पडते. सुती व्हॉइलचा आठ-नऊ मीटरचा फेटा जागेवर बांधून घ्या. बांधणारा माणूस ओलसर हाताने पीळ देतो, तो डोक्याच्या मापाने बसतो आणि जेवणाच्या वेळी अलगद काढून ठेवता येतो.

*काकू, लग्नानंतर नागपूरहून रत्नागिरीला आले. नागपूरला खळ दिलेल्या सुती साड्यांवर सगळे उन्हाळे काढले, कधी त्रास नाही. इथे चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला त्याच साड्या अर्ध्या तासात गळतात आणि पोटऱ्यांना चिकटतात. इथलं तापमान तर नागपूरपेक्षा किती कमी! माझंच काही चुकतंय का?*
— माहेरवाशीण, मुक्काम रत्नागिरी

तुझं काही चुकत नाही, हवाच दुसरी आहे. आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, पण हवा कोरडी. घाम सुतात मुरतो, लगेच उडतो आणि उडताना अंग गार करून जातो. जाडसर साडीसुद्धा चालते, उलट उन्हाची झळ अडवते. कोकणात हवेतच इतकं पाणी की घाम उडायला जागाच नाही. जाड सूत तो पीत राहतं, ओलं होतं आणि ओलंच राहतं. सुताचा हा अवगुण कोणी बोलत नाही. ‘उन्हाळ्यात कॉटन’ एवढं म्हटलं की सगळ्यांना सांगून झाल्यासारखं वाटतं.

खळीचंही तसंच. कोरड्या हवेत खळ साडीला अंगापासून लांब उभी धरते, मधून वारा खेळतो. दमट हवेत तीच खळ ओलावा धरते आणि चिकट होते. म्हणून तिथे खळ बंद.

साडी घेताना कापड उजेडासमोर धरून बघ. विणीतून पलीकडचं बोट दिसलं तर घे. कोटा डोरिया याच कामाची: राजस्थानात कोट्याजवळ कैथूनला ती विणतात, सुती आणि रेशमी धाग्यांच्या बारीक चौकड्या असतात, वजन नाममात्र. महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, ती अंगाला चिकटत नाही आणि हळदीकुंकवाला शोभतेही. मलमल घरात छान, पण समारंभात बायका ‘घरातलीच नेसलीस?’ विचारतात. मलमलवर खणाचा ब्लाउज घातलास की तोंडं बंद. खणाला मात्र अस्तर लावूच नकोस, तो स्वतःच पुरेसा दाट असतो. घेताना सुती माग, हल्ली खण म्हणून पॉलिएस्टरही सर्रास विकतात. आणि लाल किंवा हिरवा खण असेल तर आधी मिठाच्या पाण्यातून काढून रंग जातो का बघ, नाहीतर घामासरशी काखेचा रंग साडीवर उतरेल.

परकर तिथे पॉपलीनचा नको, पातळ केंब्रिकचा शिव, आणि साडी चार बोटं वर नेस. ओल्या अंगणात काठ भिजला की तो ओलावा वर चढत जातो. पन्हं पिताना काठाकडे कोणाचं लक्ष नसतं.

*मुलगी चार वर्षांची आहे. मामाच्या लग्नासाठी नेटचा लेहेंगा घेतलाय, पण घालून बघितला तेव्हाच रडली. मानेवर घामोळ्याही आहेत.*
— एक आई, जळगाव

लेहेंगा परत करा. होत नसेल तर आतली कॅन-कॅनची जाळी उसवून टाका आणि सुती परकर जोडा. कमरेचं इलॅस्टिक सैल करून नाडी घाला. घामोळ्यांवर जरी, टिकल्या, लेस काही टेकू देऊ नका. सगळ्यात बरं म्हणजे सुती परकर-पोलकं, आणि पिशवीत एक साधा झबल्यासारखा फ्रॉक. फोटो झाले की तो घाला. रुसलेल्या आत्यांना मी समजावते.

*गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून चालायचंय. शिवलेली घेऊ की नेसू?*
— कॉलेजची मुलगी, डोंबिवली

तुमच्या गावाने तर १९९९ मध्ये ही यात्रा सुरू केली, म्हणजे नेसायला शिकवणाऱ्या बायका गल्लीत सापडतील. नेस. शिवलेल्या नऊवारीत आतून अस्तर, कमरेला इलॅस्टिक आणि वर सॅटीनसारखं कापड असतं. तीन तास उन्हात चालशील तर मांड्या घासतील. सुती इरकलीचा कासोटा घातला की पाय मोकळे होतात, परकर लागत नाही आणि लांब टांग टाकता येते. आत मांडीपर्यंतची सुती चड्डी घाल. यात्रेआधी एकदा नेसून जिना चढून-उतरून बघ. कासोटा सुटायचा असेल तर तो जिन्यावरच सुटतो. नथ, अंबाडा, गॉगल हवं ते कर, पायात मात्र रोजच्या वापरातल्या चपला हव्यात, नव्या कोऱ्या कोल्हापुरी नकोत.

*कार्यक्रमानंतर रेशमी ब्लाउजला आणि साडीला घामाचा वास राहतो. ड्रायक्लीन प्रत्येक वेळी परवडत नाही.*
— गृहिणी, सोलापूर

घरी आल्यावर घडी घालू नका. साडी सावलीत, वाऱ्यावर, उलटी करून रात्रभर पसरा. घामाच्या डागावर इस्त्री फिरवली की डाग पक्का होतो आणि जरीचे धागे काळे पडतात. अत्तर-स्प्रे साडीवर मारू नका, अंगाला लावा आणि वाळल्यावर नेसा. ब्लाउजचं सुती अस्तर आतून ओल्या फडक्याने पुसून वाळवता येतं, हाही त्याचा एक फायदा. मग साडी जुन्या सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर घडीवरच रेशीम चिरतं.