वाचकांचे प्रश्न : मुलांची बसवलेली किडनी

प्रश्न : मुलाला सातव्या वर्षी माझी किडनी बसवली. तेव्हा उंची 112 सेंमी, क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) 0.5 होतं. आता तो 13 वर्षांचा, उंची 148, क्रिएटिनिन 0.9. रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलंय. हल्ली गोळ्यांचा कंटाळा करतो. किडनी किती वर्षं टिकेल?

उत्तर : तो छापील 'नॉर्मल' मोठ्या माणसांचा आकडा असतो, त्यावर विसंबू नका. मुलांची किडनी किती गाळते ते काढायला उंचीला 0.413 ने गुणून क्रिएटिनिनने भागतात. तेव्हाचं उत्तर 93 यायचं, आजचं 68. मूल वाढलं, स्नायू भरले की क्रिएटिनिन थोडं वाढणारच; पण इथे उंचीचा हिशोब धरूनही गाळणं कमी झालेलं दिसतंय. पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. टॅक्रोलिमसची (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीची) रक्तातली पातळी, लघवीतलं प्रोटीन, रक्तदाब आणि दात्याच्या किडनीविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी तपासायला हव्यात. गरज पडली तर बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं.

पातळीचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. गोळी घेऊन आलेल्या मुलाचा आकडा उगीच वाढलेला दिसतो आणि त्यावरून डोस कमी केला तर घोटाळा. एकच आकडा चांगला आला म्हणूनही निर्धास्त होऊ नका; तपासणीच्या आधी चार दिवस नीट गोळ्या घेणारी मुलं कमी नाहीत. मागच्या सगळ्या पातळ्या शेजारी मांडून बघा. त्या सारख्या वरखाली होत असतील तर गोळ्या चुकताहेत, किंवा मधेच ब्रँड बदललाय, किंवा जुलाब झाले होते (जुलाबात पातळी चढते), किंवा दुसरं औषध आड येतंय. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोल पातळी चढवतात, टीबीचं रिफॅम्पिसिन ती पार खाली आणतं. तापाला आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल.

किती वर्षं, याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. जिवंत दात्याची किडनी सहसा जास्त टिकते, पंधरा-वीस वर्षं चाललेल्या कितीतरी आहेत. मात्र तेरा ते चोवीस वर्षांचं वय सर्वांत धोक्याचं. गोळ्या चुकल्या तरी दुखत नाही, लघवी नेहमीसारखी होते. आत अँटिबॉडी तयार होत राहतात आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून 'घेतलीस का?' विचारण्यापेक्षा आठवड्याचा डबा भरा, मोबाइलला दोन गजर लावा आणि रविवारी डब्यात काय उरलं ते दोघांनी मोजा. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, पुरळ येतं, म्हणूनही मुलं गोळ्या टाळतात. हे डॉक्टरांशी उघड बोला. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

प्रश्न : नातीला लवकरच किडनी बसवायची आहे. लशी आधी की नंतर?

उत्तर : जिवंत विषाणूंच्या लशी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या, शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी. नंतर त्या सहसा देत नाहीत. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी, घरातल्या सगळ्यांनीही. धाकट्या भावंडाला पोलिओचे थेंब न देता इंजेक्शन द्यायला सांगा. प्रत्यारोपणानंतर शाळेत कुणाला कांजिण्या निघाल्या तर पुरळाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.