पंचांशी हुज्जत घातली म्हणून शाळा मुलाला संघातून काढू शकते का?

हो, संघातून काढू शकते, पण शाळेतून नाही. मानकापूरच्या क्रीडा संकुलात कबड्डीच्या सामन्यात तुमचा सातवीतला मुलगा पंचांच्या अंगावर धावून गेला, म्हणून शाळेने त्याला वर्षभर संघाबाहेर ठेवलं आणि वर दाखला हातात देण्याची भाषा केली, असं तुम्ही लिहिलंय. मी इथे नागपुरातच शाळेचे संघ स्पर्धांना नेतो. शिस्तीसाठी खेळाडूला बसवून ठेवणं आम्हा क्रीडाशिक्षकांच्या हातात असतं. पण शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ ने मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी आहे. सगळ्यांसमोर पाणउतारा करणं, भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावणं हेही त्यातच येतं.

वर्षभराची बंदी मला फार वाटते. कबड्डीत पंच हिरवं कार्ड दाखवून ताकीद देतात, पिवळ्याला दोन मिनिटं बाहेर, लाल कार्ड मिळालं की तो सामना संपला. शाळेनेही अशाच पायऱ्यांनी जायला हवं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि कोणत्या नियमाखाली, किती दिवस, ते लेखीच मागा. मुलाला मात्र आधी पंचांची माफी मागायला पाठवा. ते त्याने स्वतः करायचं, तुम्ही नाही.

एक लक्षात ठेवा, ही दोन्ही कलमं ६ ते १४ वयोगटासाठी आहेत. मुलगा नववीत गेला की त्यांचा आधार राहत नाही.